नववा खण

४ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी "कामाचं असेल तर बोल" म्हणशील, म्हणून कामाचंच लिहितो आहे. मेलच आहे, पण लांबला तर पत्र समज.

दुकानात एक गिऱ्हाईक आलंय. वयस्कर आहेत, आजारी आहेत, बोलता येत नाही. त्यांना कॉम्प्युटरवर एक पान करून हवंय. पानावर चित्रं असतील: पाणी, पंखा, खिडकी, पांघरूण, अशी. त्यांनी माउसचा बाण पाण्याच्या चित्रावर नेला की चित्राचं काही व्हायला नको, पण बाजूला एक भलीमोठी पाटी उजळली पाहिजे, "पाणी हवं". खोलीत जो असेल त्याला दारातूनसुद्धा वाचता यावी. बटण दाबणं नाही. त्यांचा एकच हात चालतो आणि तोही फक्त सरकतो, बोटांत दाबण्याइतका जोर नाही.

मी खटपट केली. बाण नेला की त्याच चित्राला लाल कड येते, इथवर मजल गेली. याला हॉवर म्हणतात हेही कळलं. पण एकावर हॉवर केल्यावर दुसऱ्याचं रूप कसं बदलायचं, ते काही जमेना. तू दिवसभर वेबची पानंच करतेस, तुला हे डाव्या हाताचं काम. दोन ओळी लिहून पाठवशील?

हसू नकोस. मला ठोंब्या म्हणायचीस ते अजूनही चालेल.

दुकान चालू आहे. ब्रशने पाट्या रंगवून घेणारे आता औषधालाही उरले नाहीत. मशीनवर अक्षरं कापतो आणि लोकांच्या काचांवर चिकटवतो. ज्या मशीनपायी तुझी आणि बाबांची जुंपली, ते शेवटी माझ्या गळ्यात पडलं. बाकी सगळे ठीक.

ठोंब्या

९ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं. ना "प्रिय", ना "कसा आहेस", ना शेवटी नाव. नुसत्या सूचना. तरी दोनदा वाचलं.

तू सांगितलंस तसं केलं. चित्रं आणि पाट्या एकाच चौकटीत घातल्या, भावंडांसारख्या शेजारी शेजारी. आधी सगळी चित्रं, मग सगळ्या पाट्या. पाट्या एरवी लपवलेल्या. मग नियम: पाण्याच्या चित्रावर हॉवर असेल तर त्याच्या पुढे कुठेतरी असलेली पाण्याची पाटी दाखव. आणि दिसली गं! मी टेबलावर मूठ आपटली तर चहा सांडला.

पण एक घोटाळा आहे. पाट्या पानाच्या तळाशी आल्या, आणि पलंगाच्या पायथ्याशी स्क्रीन ठेवला की पांघरुणाच्या उंचवट्याआड जातात. म्हणून मी पाट्या उचलून चित्रांच्या वर लिहिल्या, तर सगळं ठप्प. चित्रावर बाण नेतोय, पाटी ढिम्म. रंगाचा ओघळ खाली येतो, वर चढत नाही, तसं काहीतरी या नियमाचंही असावं. पुढच्या भावंडाला हात लावता येतो, मागच्याला नाही. बरोबर ना?

यावर काही तोड असली तर कळव. घाई आहे. म्हणजे गिऱ्हाइकाला घाई आहे.

परवा माळा आवरताना तुझे जुने ब्रश सापडले. केस अजून मऊ आहेत. कुणीतरी दरवर्षी तेल लावून ठेवत असणार, आणि मी तर नाही लावलं. हे कामाचं नाही, सोडून दे.

ठोंब्या

१४ फेब्रुवारी

ताई,

जमलं. मागच्याला हात लावायचा तर बाहेरच्या चौकटीला विचारायचं, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. चौकटीला म्हणायचं, "तुझ्या पोटातल्या अमक्या चित्रावर बाण आहे का? असेल तर तुझ्याच पोटातली तमकी पाटी दाखव." मग पाटी वर असो की खाली, काही अडत नाही. जुन्या ब्राउझरला ही भाषा कळत नाही म्हणालीस, म्हणून नवा टाकून घेतला. आता पाट्या वर आहेत, खिडकीच्या उजेडातही लख्ख दिसतात.

शेवटी तू एक ओळ विचारली आहेस: "पलंग, पांघरूण, गिऱ्हाईक कोण आहे?"

तुझ्यापुढे माझं खोटं कधी टिकलंय? बाबा आहेत.

नोव्हेंबरात झटका आला. दुकानातच, शिडीखाली रंगाचा डबा उघडत होते. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण बाहेर पडायला वाट नाही. विचारलं तर मान हलवतात, पण होला आणि नाहीला सारखीच. "पाणी हवं?" मान हलते. "नको?" तशीच हलते. मग ते चिडतात, मी चिडतो, आणि नर्सबाई आम्हा दोघांना रागावते. डावा हात थोडा सरकतो हे तिनंच ओळखलं. त्यावरून पान सुचलं.

तुला कळवलं नाही, कारण आई गेली तेव्हा फाटकात उभी राहून तू म्हणाली होतीस, "यापुढे त्यांचं बरंवाईट मला कळवू नकोस." आणि बाबांसाठी म्हणून मागितलं असतं तर तू दोन ओळीही पाठवल्या नसत्यास, अशी माझी समजूत. फसवून का होईना, तुझ्या हातचं काम बाबांच्या खोलीत आलं. रागव, पण पान मागे घेऊ नकोस.

ठोंब्या

२ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. मीच लिहितो, तू वाचतेस की नाही ते तुझं तू बघ.

पान चाललंय. तीन ओळी, ओळीत तीन खण. पाणी, पंखा, खिडकी. पांघरूण, उशी, दिवा. खालच्या ओळीत "पाठ दुखते", मग माझा फोटो, त्याची पाटी "मुलाला बोलवा". नववा खण रिकामा, कारण मला आठच गोष्टी सुचल्या.

पहिल्या दिवशी बाबांनी सगळ्या चित्रांवरून एकदा बाण फिरवला आणि नुसत्या पाट्या वाचत राहिले. शेवटी "पंखा लावा"वर थांबले. मी धावत जाऊन पंखा लावला तर डोळे वटारले. मग बंद केला, तरी तेच. नर्सबाई म्हणाली, "दादा, ते पंखा नाही मागत. त्या पाटीत काहीतरी खुपतंय त्यांना." बघतो तर त्या पाटीतली दोन अक्षरं एकमेकांना चिकटली होती. ती सारखी केली तेव्हा माणूस शांत झाला. झटक्यानं वाचा नेली, खोड नाही नेली.

आता पाणी मागतात, खिडकी मागतात. माझ्यावर बाण क्वचितच येतो. परवा आला तेव्हा मी हातातलं काम टाकून पळालो, तर उशीकडे जाताना वाटेत मी लागलो होतो.

एक सुधारणा मी तुला न विचारता केली, शाबासकी दे. बाबांचा बाण सारखा त्या रिकाम्या खणावर जाऊन बसतो. खाली उजव्या कोपऱ्यात. तिथे नियमच नाही, तर उजळणार काय? ते तिथे, आणि आम्ही काय हवं म्हणून तोंडाकडे बघतोय. मी ताडलं, दमले की हात घसरत तिकडे जातो, म्हणजे काही नको असतं. म्हणून त्या खणाला मी पाटी दिली: "काही नको". आता बाण तिथे गेला की आम्ही निवांत, दार ओढून घेतो आणि त्यांना पडू देतो. नियम पहिल्या फटक्यात चालला. ठोंब्या शिकतोय.

ठोंब्या

११ मार्च

ताई,

हे पत्र कसं लिहू कळत नाही. सरळच लिहितो.

"काही नको"ची पाटी लावल्यापासून बाबांचं बिनसलं होतं. बाण तिथे नेत, पाटी उजळे, आणि ती वाचून उशीवर डोकं आपटत. आम्ही बाहेर जात असू. परत यावं तर बाण तिथेच आणि उशी ओली. मला वाटलं, आजारपण आहे, असं व्हायचंच. डॉक्टरांनाही मी तसंच सांगितलं.

काल नर्सबाईनं मला दारातच अडवलं. म्हणाली, "दादा, राग मानू नका. ज्याला काही नको असतं तो माणूस रडतो कशाला?"

मी म्हटलं, "हात घसरतो हो त्यांचा."

"घसरला तर डावीकडे घसरेल. काकांचा चालता हात डावा. तो कोपरा त्यांना सगळ्यात लांब. तिथे पोचेपर्यंत घाम फुटतो त्यांना, मी पुसते ना रोज."

दुकानात खाली आलो, शटर अर्धं उघडलं आणि बाहेर उभा राहिलो. वर आपली पाटी. तुला आठवते तशीच आहे, हिरव्या जमिनीवर पिवळी अक्षरं, बाबांचं नाव मोठं. आणि खाली उजव्या कोपऱ्यात तो चौकोन, जिथे तुझं नाव होतं. तू गेलीस त्या आठवड्यात त्यांनी त्यावर हिरवा रंग मारला. इतक्या उन्हापावसात बाकीची जमीन फिकी पडली, तेवढा चौकोन मात्र गडद आहे. कुणीही सांगेल, इथे काहीतरी होतं.

ताई, माझ्या लग्नानंतर एकदा मी बाबांना म्हणालो होतो, आता दुकान मी बघतो, तर त्या रिकाम्या जागेत माझं नाव घाला. ते पाटीकडे न बघताच म्हणाले, "ती जागा रिकामी नाही." मला वाटलं, बापाचा हेका. मनातून फार लागलं होतं. म्हटलं, राबायचं मी आणि जागा अडवायची हिनं, तीसुद्धा इथे नसताना. ते वाक्य मी वर्षानुवर्षं उगाळलं, पण त्याचा अर्थ काल लागला.

ते तुला मागत होते. आठ खणांत तू नव्हतीस, आणि माझा मात्र फोटो होता. मग त्यांनी त्यांच्या परीनं दाखवलं: जिथे काही नाही, तिथे. घाम गाळत त्या कोपऱ्यात जायचे आणि मी त्यांच्या तोंडी घातलं, "काही नको". बोलता न येणाऱ्या माणसाच्या तोंडी, मोठ्या अक्षरांत. आणि वर दारही ओढून घेत होतो.

मला माझीच लाज वाटते आहे. इतके दिवस गेले, ताई. त्या दिवसांत त्यांची नजर अजून चांगली होती, अर्धा तास बसू शकत होते. आता बसवत नाही.

आज तुझा फोटो नवव्या खणात घातला. तो शिडीवरचा, दातांत ब्रश धरलेला, नाकाला पिवळा रंग. पाटीवर काय लिहायचं तिथे अडलो. "मुलीला बोलवा" लिहून बघितलं आणि खोडलं. बोलवून तू येशील का हे मला कुठे ठाऊक आहे? मग आठवलं, ते तुला नावानं कधी हाक मारत नसत. पाटीवर लिहिलं, "उस्ताद".

बाबांनी बाण नेला. पाटी उजळली. त्यांनी ती वाचली, मग खणातला फोटो बघितला, मग पुन्हा पाटी. डोकं आपटलं नाही. हात तिथून काढलाच नाही. दुपारी ओठ सुकले तरी पाण्याच्या चित्रावर जाईनात, कारण हॉवरचं तू जाणतेस, बाण हलला की पाटी गेली. मी पेला तोंडाशी नेला तर ओठ मिटून घेतले. तहानेनं जीव जातोय आणि म्हातारा कोपरा सोडत नाही.

तुझं-त्यांचं काय झालं त्यात मी पडत नाही. ते म्हणाले होते, "हाताला रंग लागायची लाज वाटते का?" तू म्हणाली होतीस, "तुमच्याबरोबर मी नाही बुडणार." दोघंही तेव्हा मोठ्यानं बोललात. मी रंगाचे डबे आवरायच्या निमित्तानं आत गेलो. तेव्हा मध्ये उभा राहिलो असतो तर, असं हल्ली वाटतं. पण वाटून काय उपयोग?

तू ये. कामाचंच आहे हे.

ठोंब्या

१३ मार्च

ताई,

तुझं उत्तर काल सकाळी वाचलं. मला वाटलं होतं, येते म्हणशील, नाहीतर येत नाही म्हणशील. तू लिहिलंस:

"त्या पाटीला वेगळी जागा दे, बाकीच्यांवर यायला नको. लपवू नकोस, पारदर्शक कर. लपवलेल्याला उशीर लावता येत नाही, पारदर्शकाला येतो. बाण आला की लगेच उजळू दे. बाण गेल्यावर मावळायला मात्र वेळ लाव, हवा तेवढा. खाली नियम देते आहे. आधी पाणी पाज त्यांना."

आणि त्याखाली, जरा जागा सोडून: "तिकीट बघते आहे."

मी नियम तसाच उतरवला, एक टिंबही बदललं नाही. तासाभराचा उशीर लावला. मग बाबांच्या उशाशी बसून सांगितलं, "बाबा, हे तिनं केलंय. आता हात हलवला तरी पाटी जाणार नाही. बघा हलवून."

विश्वास बसेना त्यांचा. बाण खणाच्या कडेपर्यंत नेला आणि परत आणला. पुन्हा नेला. मग निघाले. सावकाश, दिव्यावरून, उशीवरून, पांघरुणावरून, वाटेत थांबत, वर पाण्यापर्यंत गेले. "पाणी हवं" उजळलं, आणि शेजारी "उस्ताद" तशीच. दोन्ही पाट्या एकदम. नर्सबाईनं चमच्यानं पाणी दिलं. अर्धा पेला प्यायले. बऱ्याच दिवसांत एवढे प्यायले नव्हते.

मग तुझी पाटी निरखायला लागले. मी म्हटलं, "अक्षरं ठीक आहेत ना?" आता मान हलली ती होची होती की नाहीची, देव जाणे. मी हो धरून चाललो आहे.

तिकीट लवकरचं बघ.

ठोंब्या

१५ मार्च

ताई,

तिकीट मिळाल्याचं तुझं उत्तर वाचलं. आता तू गाडीत असशील. फोन लागत नाही, म्हणून उतरल्यावर वाचशील या हिशेबानं लिहितो.

बाबा आज सकाळी गेले. त्रास झाला नाही. नर्सबाई खिडकी उघडत होती, त्यांनीच मागितली होती. तिनं वळून बघितलं तर त्यांचा बाण पुन्हा खालच्या कोपऱ्याकडे निघाला होता. तिनं मला हाक मारली. मी आलो तेव्हा हात माउसवर होता आणि पाटी उजळलेली होती. त्यांचा श्वास तेवढा थांबला होता. मला एक-दोन दिवस आणखी मिळाले असते तर तुला दार उघडून देताना त्यांचा चेहरा बघायला मिळाला असता. ते "काही नको"चे दिवस कुणी परत देत नाही. हे मला जन्मभर पुरणार आहे, तुला सांगून ठेवतो.

हात आम्ही अलगद काढून घेतला. माउसला कुणाचा धक्का लागू दिला नाही. लोक येतायत, खोलीत गर्दी आहे, पण टेबलासमोर मी खुर्ची आडवी घातली आहे आणि नर्सबाई, तिचं काम संपलेलं असूनही, तिथे बसून आहे. स्क्रीन झोपू नये अशी सोय मी पहिल्याच दिवशी केली होती. बाण अजून तुझ्यावर आहे, आणि पाटी त्यांनी लावली तशी उजळलेली आहे.

तू आलीस की थेट वर ये. चपला काढायलाही थांबू नकोस. माउस तू हलव, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही. आणि घाबरू नकोस. बाण हलला तरी पाटी लगेच जायची नाही. तूच तसं करून दिलं आहेस.

ठोंब्या